दोरीच्या अलीकडचं पोहणं

“हिला काय विचारता? ही पोहायला शिकली तेव्हा मामींनी गल्लीत पेढे वाटले होते.”

माझी आतेबहीण, ताई, आपल्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, सांगत होती. मी त्यांच्यापासून दोन हात लांब, वाळूत ठेवलेल्या सर्फबोर्डवर पालथी पडले होते. श्रीलंकेत वेलिगामाच्या किनाऱ्यावर आम्हाला शिकवणारा तरुण आधी कोरड्यातच धडे देत होता. पालथं पडायचं, हातांनी वाळू मागं लोटायची आणि तो ओरडला की उडी मारून उभं राहायचं. तिघांनाही पोहता येतं ना, असं त्यानं इंग्रजीत विचारलं होतं. दाजींनी स्वतःचं आणि ताईचं सांगून माझ्याकडे बघितलं, तेवढ्यात ताईनं हे पेढ्यांचं काढलं. मग त्यानं थेट मलाच विचारलं. मी म्हणाले, हो, येतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेमुळे मला परक्या माणसाला छोटं, स्वच्छ उत्तर देता येतं. तसं उत्तर दिलं की माणसं पुढे काही विचारत नाहीत, हे मी फार पूर्वी ओळखलंय.

मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच येतं असंच वाटत होतं.

आमच्याकडे, छत्रपती संभाजीनगरात, नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात सगळे हातातलं काम टाकून टाकी, ड्रम, बादल्या भरायला लागतात. पाणी भरून झाकून ठेवायची गोष्ट, असंच मी लहानपणापासून बघत आले. त्यात उतरणं एकाच उन्हाळ्यात झालं. नववीच्या सुट्टीत आईनं मला पोहण्याच्या तलावावर बायकांच्या बॅचला घातलं. तलावात आडवी एक जाड दोरी बांधलेली होती. अलीकडे छातीएवढं पाणी, पलीकडे खोल. आम्ही सगळ्या अलीकडे. शिकवणाऱ्या मॅडम गळ्यात शिट्टी अडकवून काठावरून ओरडायच्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं की ‘आलं हिला’ म्हणून त्या जाहीर करायच्या. मध्ये दम लागला की आम्ही पाय टेकवायचो, थोडं चालायचो, पुन्हा हात मारायचो. त्याबद्दल कुणी बोलत नसे. दोरीपलीकडे शेवटच्या आठवड्यात नेणार होत्या, पण त्याआधीच शहरात पाण्याची टंचाई वाढली आणि तलाव बंद केला. आईचे पेढे तोवर वाटून झाले होते.

समुद्रात शिरलो तेव्हा पाणी कमरेला होतं. शिकवणारा तरुण बोर्ड मागून धरायचा, लाट आली की ढकलायचा. पहिल्यांदा मी गुडघ्यांवर आले आणि लगेच पडले. नाकातोंडात खारट पाणी गेलं, कानात घरघर झाली, बोर्डपासून पायाला बांधलेल्या दोरीला हिसका बसला. क्षणभर वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेना. मग टाचेला वाळू लागली आणि मी उभी राहिले. त्यानं लांबून अंगठा दाखवला. मीही दाखवला.

असं चार-पाच वेळा झालं. दर वेळी पडताना मी पायानं वाळू शोधायचे, आणि ती लागली की उभी राहायचे.

मग तो म्हणाला, पुढं चला, तिकडे चांगल्या लाटा आहेत.

“चला, वरच्या वर्गात घातलं आपल्याला!” ताई ओरडली. दाजी दमले होते, ते किनाऱ्यावर शहाळं प्यायला गेले.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ही माझी परदेशातली पहिलीच वारी होती आणि ती ताईमुळे झाली होती. बाबांना तिनं दोन महिने समजावलं होतं. ‘पोरगी धीट आहे मामा, तुम्हीच तिला भित्री करून ठेवलीय.’ आता मी मागं फिरले असते तर घरी काय सांगितलं गेलं असतं, आणि पुढच्या वेळी मला कुठं जाऊ दिलं असतं? मी पालथी पडून हात मारत राहिले. फुटणारी लाट अंगावरून गेली, डोळे मिटले, उघडले तेव्हा पाण्याचा रंग बदलला होता. मघाशी खालची वाळू दिसत होती. आता नुसतं गडद हिरवं.

तो थांबला. ताई बोर्डवर दोन्हीकडे पाय सोडून बसली, जशी काही आमच्याकडच्या पडेगावात स्कूटीवर बसलीय. मी बोर्डच्या दोन्ही कडा धरून तशीच पडून होते. मग मी हळूच एक पाय खाली सोडला. पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत आलं. मी पाय अगदी ताणला. खाली काहीच नव्हतं. फक्त थंडपणा होता.

तेव्हा मला कळलं की त्या उन्हाळ्यात मी पोहायला शिकले नव्हते. पाय टेकता येईल अशा ठिकाणी हात मारायला शिकले होते.

“अगं, किती घट्ट धरलंय त्याला!” ताई हसत होती. “तुझ्या दाजींना मी मांडवात एवढं धरलं नव्हतं.”

मीही हसले. शिकवणाऱ्यानं माझ्या बोर्डचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं आणि मागचं टोक धरलं. किनाऱ्यावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. त्यानं विचारलं, तयार? आणि माझा अंगठा आपोआप वर गेला. मागं वळून बघितलं तर लांब पाण्याला एक घडी पडली होती. ती आवाज न करता जवळ येत होती आणि येता येता उंच होत होती. किनाऱ्याकडे निघण्याआधी आई फोनवर म्हणाली होती, “लई पुढं जाऊ नको बरं.” मी तिलाही हो म्हणाले होते.

बोर्डचं मागचं टोक वर उचललं जायला लागलं. मी त्याला थांब म्हणायला तोंड उघडलं, पण इंग्रजीतला तो साधा शब्दही आठवेना.

“ताई!”

“काय गं? देवाचं नाव घेतेस का?” तिनं वळून बघितलं. माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू थांबलं.

“ताई, मला पाय टेकल्याशिवाय पोहता येत नाही. त्याला म्हणावं, बोर्ड सोडू नको. मला परत ने.”