स्क्रूवरचं सील

मुलाच्या नव्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक स्क्रू आहे आणि त्या स्क्रूवर नखाएवढा पांढरा कागद चिकटवलेला आहे. आतला पंखा महिनाभर घरघरतोय. धूळ अडकली असणार, म्हणून मी पेचकस घेऊन गेलो, तर मुलगा ओरडला, "बाबा, हात लावू नका! सील फुटलं की वॉरंटी गेली."

मी चौथी शिकलेला माणूस. पण जन्मभर पिठाची गिरणी चालवली आणि तिचा एकूण एक नट माझ्या बोटांना ओळखायचा. इथं विकत घेतलं आपण, आणि स्क्रू मात्र कंपनीचा! घराणं मोठं ऐकून सोयरीक करावी आणि मग पोरीला माहेरी यायलाही परवानगी लागावी, तशातली ही खरेदी. वर त्याचीच ऐट. एवढ्याशा कागदाला भिऊन शिकलेली माणसं हात बांधून बसतात, बघा.

नात कॉलेजात जाते. तिला सुटे भाग आणून स्वतःचा कॉम्प्युटर जोडायचाय. बाप म्हणतो, "नावाजलेल्या कंपनीचाच घेऊ. तुझा तो बंद पडला तर कुणाकडे जाशील?"

"कुणाकडे कशाला? मीच उघडीन," ती म्हणाली.

अख्ख्या घरात शहाणपणाचं असं हे एकच वाक्य ऐकलं. मी पेचकस तिच्या हातात दिला. "जोड तू. कोण अडवतं ते मी बघतो."

कोपऱ्यात कंपनीचं खोकं घरघरत राहिलं. सील मात्र शाबूत होतं.