फुमेझाबद्दल बोलायचं तर

आमच्या म्दान्त्साने वस्तीत चर्चच्या बायांचे गणवेश शिवणारी नोझुकिले मुळात कमी बोलणारी. तिची धाकटी बहीण फुमेझा मात्र बोलायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. त्या फुमेझाला तिच्या नवऱ्यानं, म्झ्वाबांतूनं, मारून टाकलं. गुन्हा शाबीत झाला. शिक्षा ठरायची राहिली होती, आणि त्याआधी मयताच्या घरच्यांनी आपल्यावर काय ओढवलं ते कोर्टाला सांगायचं असतं.

त्या आठवड्यात म्झ्वाबांतूचा म्हातारा काका नोझुकिलेच्या दारात आला.

"लेकी, झालं ते झालं. कोर्टात एवढंच म्हण, आम्ही माफ केलं. बकरा कापू, दोन्ही घरं एकत्र जेवू."

"चहा घ्या, ताता. बकरा चरू दे तुमच्याच अंगणात."

"फुमेझाची जीभही काही कमी नव्हती. सगळी वस्ती जाणते."

"जाणते ना? मग तेही सांगेन."

सरकारी वकील बूयसनबाई भल्या होत्या. पण त्याही कोर्टाबाहेर म्हणाल्या, "सिसी, बहिणीच्या भांडणांचं नाव काढू नका. समोरचा वकील टपूनच बसलाय. आणि रडू आलं तर आवरू नका."

"रडायचं ते घरी रडले मी."

मी तिच्या मागच्याच बाकावर होते. ती उभी राहिली आणि आपल्या खोसा भाषेत बोलली. दुभाष्याची तिला गाठता गाठता दमछाक झाली.

"माझी बहीण गरीब गाय नव्हती. माझ्याशी भांडायची, दुकानदाराशी भांडायची, पाद्रीबुवांनासुद्धा सोडायची नाही. नवरा म्हणतो, तिचा आवाज सोसवत नव्हता. आम्हाला सोसवत होता. आई अजून सकाळी दोघींना हाका मारते, आणि मी एकटी ओ देते. साहेब, बाई भांडखोर असली तरी तिचा जीव तिचाच असतो."

आरोपीचा वकील उठला. "म्हणजे घरात कटकट होती, हे तुम्हाला मान्य आहे?"

"कटकट माझ्याही घरात आहे. तो बघा माझा नवरा, तिथं बसलाय. विचारा त्याला. जिवंत आहे."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं, पण दटावलं नाही.

"आरोपीनं माफी मागितली आहे," ते म्हणाले. "त्यावर काही सांगायचंय?"

"मला माफ करायला सांगू नका, साहेब. करावंसं वाटलं तर माझी मी करीन. शिक्षा ठरवणं तुमचं काम."

अठरा वर्षांची शिक्षा झाली. निकाल वाचताना न्यायाधीश म्हणाले, मयत बाई कशी होती ते तिच्या बहिणीनं लपवलं नाही, आणि त्यातलं काहीही आरोपीच्या बाजूनं धरता येत नाही.

"कमीच दिली," पायऱ्या उतरताना नोझुकिले म्हणाली.

खाली काका हात पुढे करून उभा होता. ती थांबली. मला वाटलं, आता हात धरणार.

"वाट सोडा, ताता. आई उपाशी आहे."

काका बाजूला झाला.