पिशवीतले मासे

रिटायर झाल्यावर यांनी आमच्या गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये निऑन टेट्रा पाळले. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी रेघ. दक्षिण अमेरिकेतल्या ज्या नद्यांमधले ते, तिथलं पाणी पानं कुजून काळपट झालेलं असतं म्हणे. म्हणून हे कुठून कुठून जंगली बदामाची वाळकी पानं आणतात आणि टाकीतलं पाणी कोऱ्या चहासारखं करून ठेवतात. "त्यांना आपल्या घरी असल्यासारखं वाटायला हवं ना," म्हणतात.

परवा नवे मासे आणले. दुकानातली पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली आणि माझ्या हातात चमचा दिला. टाकीतलं पाणी थोडं थोडं करून पिशवीत घालायचं, एकदम सोडले तर मासे दगावतात. "घाई करू नकोस, बिल्कुल नाजूक असतात."

मी चमच्याने पाणी घालत बसले. लग्न होऊन साताऱ्याहून यांच्या दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा जानेवारी होता. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पाहुण्यांची खरकटी भांडी माझ्यापुढे ठेवली. नळाच्या पाण्याने बोटं बधिर झाली, तशी मी यांच्याकडे पाहिलं. पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "होईल सवय."

संध्याकाळी नव्यातला एक मासा उलटा तरंगताना दिसला. हे जेवायला उठेनात. "बिचाऱ्याला सवय व्हायला वेळच मिळाला नाही गं," म्हणाले.

मी यांचं ताट झाकून ठेवलं आणि पोटभर जेवले.