चौदा आठं

आमच्या घरात सही करणारा मी पहिला, आणि बी. एस्सी. झालेला तर अख्ख्या गल्लीत पहिला. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. वडील गुळाच्या पेठेत हमाली करायचे. विजेची पिठाची गिरणी असो, दवाखान्यातलं क्ष-किरणांचं यंत्र असो, कोल्हापुरात काही नवं आलं की ते बघून यायचं आणि घरी जेवायला बसलो की वडिलांना समजावून सांगायचं, हा माझा नेम. एकदा तरी बघायला चला म्हटलं की ते म्हणायचे, "तू बघितलायस न्हवं? मग झालं."

या वेडात मला एक जोडीदार होता. घरात अभ्यासाला जागा नव्हती म्हणून कॉलेजची वर्षं मी बोर्डिंगमध्ये काढली, तिथं आम्ही एका खोलीत राहायचो. तो कागलकडचा, सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर आमच्या घरी जेवायला यायचा. आम्ही दोघांनी मिळून बिनविजेचा, खड्याचा रेडिओ जुळवला होता. कानाशी धरायचा भोंगा एकच, म्हणून डोक्याला डोकं लावून बसायचो. गणितात तो माझ्या पुढं होता, पण लहानपणी घोकलेल्या पाढ्यात त्याची एक चूक कायमची बसली होती. चौदा आठे बारोदरसे, म्हणजे एकशे बारा. हा हटकून म्हणायचा अठोदरसे, म्हणजे एकशे आठ. बाराच्या पाढ्यातला बारा नव्वेचा आकडा त्याच्या जिभेवर आपोआप यायचा. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी मुद्दाम ओरडायचं, "चौदा आठं?" आणि हा तोंडात घास असतानाच चुकायचा. पुढं त्याला मुंबईत विजेच्या कंपनीत नोकरी लागली. त्याची ट्रंक स्टेशनवर मीच पोचवली.

त्यानंतर वर्षभरानं मैदानात प्रदर्शन भरलं आणि त्यात यंत्रमानव आला. पत्र्याचा, चंदेरी रंगाचा, डोळ्यांच्या जागी तांबडे दिवे, तोंडाला जाळी. कोटवाला मॅनेजर लोकांना प्रश्न विचारायला सांगायचा आणि जाळीतून घोगरा आवाज यायचा, "मी विज्ञानाचा पुत्र आहे. आपली काय सेवा करू?" बेरीज घाला, गुणाकार घाला, उत्तर तयार. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्याच्या अगदी समोर उभं राहून मी जमलेल्या लोकांना सांगितलं, की आत ध्वनिमुद्रित तबकड्या आहेत, प्रश्नाच्या आवाजानुसार नेमकी तबकडी फिरते. मॅनेजर माझ्याकडं बघून मान डोलवायचा.

तालमीच्या कट्ट्यावरची पोरं काही ऐकेनात.

"आत माणूस हाय गा."

"माणूस असता तर मी ओळखला नसता?" मी म्हणालो. "मी काय शेंगा खाऊन बी. एस्सी. झालो?"

"मग इचार की त्येला, दुपारी काय जेवलास म्हणून."

ही चेष्टा वडिलांच्या कानावर गेली. त्या दिवशी पहिल्यांदा ते बघायला निघाले. धोतर बदललं, पटका बांधला आणि म्हणाले, "लोक तुला खुळ्यात काढाय लागल्यात. चल, माझ्या डोळ्यांनी बघतो आणि सांगतो एकेकाला."

गर्दीत वडिलांना मी पुढं नेलं. तालमीतली दोघं-तिघं मागं होतीच. प्रश्न मीच विचारायचं ठरलं, आणि बोर्डिंगच्या सवयीनं तोंडात तेच आलं.

"चौदा आठं?"

जाळीतून उत्तर आलं, "अठोदरसे."

लोक हसले. मॅनेजर घाईनं म्हणाला, "यंत्र जरा तापलंय." मी जाळीजवळ तोंड नेलं आणि हळू म्हणालो, "बारोदरसे, मर्दा." तांबडे दिवे विझले.

परतताना गंगावेशीपाशी वडिलांनी मला थांबवलं. मग विचारलं, "वळखीचा हाय?"

"व्हय."

"आपल्या घरी जेवाय यायचा, त्यो?"

मी मान हलवली. त्यांनी पटका सोडून खांद्यावर टाकला. कट्ट्यावरून जाताना कुणीतरी "पावणं, जेवलासा काय?" असं यंत्राच्या आवाजात विचारलं. वडील खाली बघून चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी तो मला रंकाळ्यावर शोधत आला. मुंबईची कंपनी दोन महिन्यांत बंद पडली होती. मग हा त्या कोटवाल्या मॅनेजरच्या हाती लागला होता.

"पोटासाठी केलंस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," मी म्हणालो. "पण दोनदा मी तुझ्यासमोर उभा राहून बडबडलो. एक शब्द टाकायचास. खोकायचंस तरी."

"तू तबकड्यांचं इतकं झ्याक सांगत होतास, की मलाच वाटाय लागलं, मी यंत्रच हाय," तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही, तेव्हा तोही थांबला. "पयल्या दिवशी तुला बघितलं तवा वाटलं, आता वळखतोय ह्यो. एका भोंग्यात ऐकलेली माणसं आपण. तू वळखला न्हाईस की."

"तुझा आवाज मी पत्र्यात शोधत नव्हतो. मुंबईच्या गाडीत बसवून आलो होतो मी तुला."

मी त्याला घरी ये म्हटलं नाही. प्रदर्शन पुढच्या गावाला गेलं, त्याबरोबर तोही गेला.

दोन-तीन वर्षांनी माझ्या पगारातून घरात खरा रेडिओ आला. गल्ली गोळा झाली. मी काटा फिरवला, बातम्या लागल्या. वडील उठले, टेबलाच्या मागं गेले आणि मला विचारलं, "ह्यात तुझा कोण दोस्त हाय?"

सगळे खो खो हसले. वडील मात्र हसत नव्हते. मी मागची फळी काढून आतले दिवे दाखवले, तारा दाखवल्या. त्यांनी वाकून बघितलं, बोटानं चाचपून बघितलं, आणि मग म्हणाले, "हां."

तेव्हापासून मी घरात आणलेली प्रत्येक वस्तू ते आधी मागून उघडायला लावायचे.