केस तुटला की नाही

छप्पन-सत्तावन्न साली लग्न होऊन मी मालवणजवळच्या सासरी आले, तेव्हा माझ्या केसांचं कौतुक नवऱ्यानं केलं नाही. सासऱ्यांनी केलं, तेही कामापुरतं.

मामंजी बोटीवर बटलर होते. नोकरी संपवून घरी आले ते एक ट्रंक, मोडकंतोडकं इंग्रजी आणि कुठल्याशा परक्या बंदरात घेतलेला वस्तरा घेऊन. गावात न्हावी होता, हाताचा चांगला होता, पण मामंजींनी त्याच्यापुढे गाल कधी धरला नाही. त्याला डोक्यापुरता ठेवला होता, आणि डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं. बुधवारी आणि रविवारी सकाळी, समुद्राकडून वारा सुटायच्या आत, ते पडवीत बसून स्वतःच वस्तरा पाजळत.

आधी दगड. त्यावर पाणी शिंपडायचं, वस्तरा सपाट निजवायचा, धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकलेली, आणि धार पुढे करून ढकलायचा. टोकाला गेला की पाठीवर कूस बदलून परत. मग खांबाला अडकवलेला चामड्याचा पट्टा. तिथे सगळं उलट, पाठ पुढे आणि धार मागे. इथपर्यंत जगात सगळे करतात तसंच. पण धार आली की नाही हे लोक अंगठ्याच्या नखावर बघतात, नाहीतर हातावरची लव काढून बघतात, ते मामंजींना पटत नसे. बोटीवरच्या कुणा गोंयकारानं त्यांना शिकवलं होतं की खरी परीक्षा एकच. लांब केस मुळाकडून चिमटीत धरायचा, लोंबता सोडायचा आणि धार नुसती टेकवायची. केस गुपचूप खाली पडला तर धार आली. वाकला तर परत दगड.

असा केस त्यांच्याकडे नव्हता. सासूबाईंचे पांढरे झालेले, ते उजेडात दिसत नसत. तेवढ्यात घरात मी आले.

सुनेनं सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. तेही माझ्याशी बोलत नसत. ते पडवीच्या खांबाला सांगत, "केस व्हयो." खांबाकडे केस नसल्यामुळे मी आतून येऊन डोक्यातला एक उपटून पाटावर ठेवत असे. फणीत अडकलेला चालत नसे. तो मेलेला, असं त्यांचं मत होतं. केस तुटला की धार आल्याचं ते खांबाला सांगत, "इली." सात वर्षांत त्यांनी त्या खांबाशी पुष्कळ गप्पा मारल्या. आमटी खारट झाली की खांबाला कळे, माझ्या माहेरचं पत्र आलं की तेही आधी खांबाला कळे. आठवड्याला दोन केस लागत, पावसाळ्यात दमट हवेमुळे चार-पाच. सासूबाई म्हणत, "सुनेच्या टकलेर केस रवतले मा?"

मग मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दाढीचं त्यामुळे काही अडलं नाही, त्यांना आरसा कधी लागलाच नव्हता. हलत्या बोटीवर आरशात बघत बसणारा माणूस कान कापून घेतो, असं ते सांगत. डाव्या हाताची बोटं गाल चाचपत पुढे जात आणि वस्तरा त्यांच्या मागून. अडलं ते केसापाशी. तो दिसेना. मग ते खांबाला विचारू लागले, "तुटलो?" मी आत वळून मान हलवायची आणि सासूबाईंनी चुलीपुढून ओरडायचं, "तुटलो!"

एका रविवारी सासूबाई मासे आणायला बाजारात गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच. मामंजी तासभर दगडाशी झटत होते. हात थकला की ते वस्तऱ्याची पाठ उचलत, आणि पाठ उचलली की धार येत नाही, असलेली मरते. मला ते दिसत होतं, पण सांगायची सोय नव्हती. पाच वेळा खांब गप्प राहिला, त्यावरून समजून ते परत दगडाकडे वळले होते. सहाव्या केसाला त्यांनी धार टेकवली. केस वाकला आणि तसाच लोंबत राहिला.

"तुटलो?" त्यांनी विचारलं. खांब गप्प. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत चालला होता. "तुटलो?" त्यांनी पुन्हा विचारलं. मला त्यांची फार दया आली. मी म्हणाले, "तुटलो."

सात वर्षांत मी त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द, आणि तोही खोटा.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग त्यांनी साबण लावला. बोथट वस्तरा ओढतो, आणि ओढला की माणूस जोर करतो. हनुवटीखाली दोन बोटं लांब चिरलं. मी तुरटी दिली, हळद दिली, फडकं दिलं. मी मागीलदारी जाऊन रडले, कारण ते रक्त माझ्यामुळे आलं होतं.

मे महिन्यात नवरा मुंबईहून रजेवर आला. वण पाहून म्हणाला, "बाबानू, आता पुरे. हो वस्तरो मी मुंबयक व्हरतंय. न्हावी येतलो." त्यानं पात्याचं दाढीचं यंत्र आणलं होतं. मामंजींनी ते हातात फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ह्याका धार कोण लावता?" नवरा म्हणाला, धार लावायचीच नाही, पातं टाकून द्यायचं. मामंजींनी यंत्र परत दिलं.

बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं ते असं. नवरा निघायच्या आदल्या दिवशी मामंजींनी सगळ्यांसमोर दाढी करायची. कापलं नाही तर वस्तरा राहील, कापलं तर जाईल.

त्या सकाळी नवरा पडवीत येऊन बसला, तो नेमका खांबाला टेकून. मामंजींनी त्याच्या डोक्यावरून खांबाला केस मागितला. मी दिला. त्यांनी धार टेकवली. "तुटलो?"

आता माझी पंचाईत. नाही म्हणावं तर नवरा जिंकला. हो म्हणावं तर समोर मामंजींचा गळा होता. मी नवऱ्यादेखत, सासूबाईंदेखत मोठ्यानं म्हणाले, "नाय."

पुन्हा दगड, पुन्हा केस. "नाय." नवरा गालात हसला. तिसऱ्यांदाही मी "नाय" म्हणाले. मामंजींनी वस्तरा मिटला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. बोटीवरची एवढी वर्षं ज्या हातांनी काढली, ते हात असे रिकामे पडलेले मला बघवेनात. मी पदर खोचला, पुढे जाऊन दगड ओढला आणि त्यांच्या पुढ्यातला वस्तरा घेतला.

"अगो, अगो," नवरा म्हणाला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पाठ उचलायची नाही आणि जोर द्यायचा नाही, एवढंच तर होतं. तरी चुलीवरचा भात शिजून सासूबाईंनी तो उतरवला, इतका वेळ गेला. मग मी वस्तरा पट्ट्यावर फिरवला, केस उपटला, मुळाकडून धरला आणि धार टेकवली. तो पाटावर पडला.

"इली," मी म्हणाले.

मामंजींनी दाढी केली. रक्ताचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी नवरा आगबोटीनं मुंबईला गेला, आणि वस्तरा घरीच राहिला.

त्यानंतरच्या बुधवारी मी दगडावर वस्तरा फिरवत होते. मामंजी शेजारी बसले होते. ते म्हणाले, खांबाला नव्हे, मला, "त्या दिसा खोटा सांगलंस."

मी म्हणाले, "होय."

"माका पयल्या हाताकच कळला. गाल ओढलो."

मी विचारलं, "मगे थांबलात कित्याक नाय?"

ते हनुवटीखालच्या वणावरून बोट फिरवत म्हणाले, "सात वर्सांनी सून एक शबूद बोलली. तो खोटो ठरवू?"