राष्ट्राध्यक्षाचे दहा गुण

इतिहासाच्या पेपरात दहा गुणांना प्रश्न होता: युद्धकाळातील अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या यशापयशाचे मूल्यमापन करा. आम्हा तपासनिसांना दिलेल्या आदर्श उत्तरात यशाचे सहा मुद्दे होते, अपयशाचे चार. लाखोंना रणांगणावर धाडणाऱ्या माणसाला आम्ही पंख्याखाली बसून मुद्द्यामागे एक गुण देत उरकत होतो.

एका उत्तरपत्रिकेत एवढंच होतं: ‘माझे यजमान सैन्यात होते. ते परत आले नाहीत. तिथल्या बायकांना विचारल्याशिवाय मला हे ठरवता येत नाही.’

मी शेजारच्या देशपांडेबाईंना ते वाचून दाखवलं. “कितवा मुद्दा धरायचा हा?”

“यादीत नाही ना, सर? मग शून्य. चहा घ्या, गार होतोय.”

मी शून्य दिलं. बेरीज तेहेतीस झाली. पास व्हायला पस्तीस लागतात. पुढच्या पेपरात दहाही मुद्दे गाइडमधून जसेच्या तसे उतरवलेले होते. त्याला दहा देताना मात्र लाज वाटली. मोठ्या माणसांची अपयशंही बहुधा अशीच घडत असावीत, हातात पेन आणि समोर यादी असताना.

तिचा पेपर अजून हाताच्या अंतरावर होता. प्रश्नाचा खरोखर विचार केलेला तो एकच पेपर मी गठ्ठ्यातून परत काढला नाही.