अप्पांनी लिहिलेलं कारण

नागनाथअप्पांना कोणी शिव्या द्यायला लागलं की ते हातातलं काम बाजूला ठेवून नीट ऐकत बसत. मध्ये बोलत नसत, मानही खाली घालत नसत. समोरचा दमला की विचारत, "झालं का? का अजून हायेत? न्हाईत ना? मग माठातलं पानी पी अन् कॅन उचल." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस एक तर बहिरा आहे, नाहीतर कोडगा. ते दोन्ही नव्हते, हे कळायला मला एक अख्खा दुष्काळ लागला.

आमच्या सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र पाटोद्याच्या बाजूला होतं. गावोगावचं दूध टेम्पोतून यायचं, ते तपासून मोठ्या टाकीत थंड करायचं आणि टँकरने पुढे पाठवायचं. अप्पा तपासणीच्या टेबलाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली नवा, हंगामी. त्या साली विहिरींनी तळ गाठला होता. प्यायलाच पाणी नाही, तिथे कॅन कोण घासून धुणार? ओशट कॅनमध्ये भरलेलं दूध उन्हात टेम्पोत हिंदकळत यायचं आणि आमच्यापर्यंत येईतो आंबायचं. परीक्षानळीत थोडं घेऊन दिव्यावर धरलं की त्याच्या गुठळ्या होत. गुठळ्या झाल्या की अख्खा कॅन परत. ज्या माणसाने पालापाचोळा घालून म्हैस जगवली, त्याच्या तोंडावर "दूध परत न्या" म्हणायचं, हे माझं रोज सकाळचं काम.

लोक काय काय बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार तर चहाआधीच उरकलेला असे. हळूहळू माझं जेवण तुटलं, झोप उडाली. घरी भांडं पडलं तरी कॅन आपटल्यासारखं वाटून छातीत धडधडायचं. पण हे सांगायचं कोणाला? आमच्याकडे माणसाला ताप आला तर चार जण विचारतात. जीव घाबरा होतो म्हटलं तर म्हणतात, लग्न करून टाक.

अप्पांनी मात्र विचारलं. "तोंड कावून असं झालंय रे?"

"काही न्हाई अप्पा."

"काही न्हाई म्हननाराला लई काही असतंय," ते म्हणाले. "हे बघ, लोकं दुष्काळाला शिव्या देत्यात. दुष्काळ काय टेबलाशी बसत न्हाई, आपुन बसतो. म्हनून ऐकायचं. पन घरी न्यायचं न्हाई. दूध नासलं तर नासू दे, आपुन कावून नासायचं?"

अप्पा चौसाळ्याचे, दुकानदार लिंगायत घरातले. सकाळचं दूध घेऊन झालं की मागच्या भिंतीच्या सावलीत बसून ते गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडे पाहत राहत. तेवढ्या वेळात कोणीही आलं तरी उठत नसत. मला म्हणाले, "तू बी बसत जा." मी म्हटलं, "माझ्या गळ्यात लिंग न्हाई, अप्पा." त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "तळहात तर हाय ना?" मी हसण्यावारी नेलं. तेव्हा मी शहाणा होतो.

अशातच चेअरमनसाहेबांची नोटीस लागली: दुष्काळ संपेपर्यंत साप्ताहिक सुट्टी बंद. अप्पांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि सोमवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, नेहमीप्रमाणे ते आले नाहीत. "तू बी घेत जा," असं त्यांनी मला बजावलं होतं. पण मी हंगामी. सुट्टी घेतली तर हे लोक कायमची देतील, या धास्तीने मी एकोणीस दिवस सलग टेबलाशी उभा राहिलो.

एकोणिसावा दिवस सोमवारच होता. अप्पा नव्हते. लिंबागणेशाकडच्या एका वस्तीवरची म्हातारी तिसऱ्या दिवशीही तिचा छोटा कॅन घेऊन आली. दोन दिवस मी तो परत केला होता. आज तिने शिवी दिली नाही, रडलीही नाही; नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. नळीत गुठळ्या झाल्या. त्या मला स्वच्छ दिसल्या. तरी माझ्या तोंडून "परत न्या" हे दोन शब्द काही केल्या निघेनात. मी म्हणालो, "चालतंय, वता." कॅन टाकीत रिकामा झाला आणि मागोमाग टाकीतलं सगळं दूध नासलं. टँकरवाल्याने झाकण उघडून वास घेतला आणि गाडी रिकामीच वळवली.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब स्वतः आले. वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवायचा होता, आणि तो भरायचं काम टेबलाच्या प्रमुखाचं. ते अप्पांना म्हणाले, "कारण लिहा, कर्मचाऱ्याचा हलगर्जीपना. अन् ह्याला आजच मोकळं करा."

मी भिंतीला टेकलो. नोकरी जाणार याचं दुःख होतंच. पण मला आता घरी जाऊन झोपता येईल, असंही मनात आलं. त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

अप्पांनी कारणाच्या रकान्यात सावकाश लिहिलं: ‘एकोणीस दिवस सलग काम. सुट्टी दिली नाही. माणूस थकला होता.’

चेअरमनसाहेबांनी वाचलं. "अप्पा, हे खोडा."

"खोडतो. आधी हे खोटं हाय म्हना."

"तुमी सुट्टीवर गेलता म्हनून झालं हे सगळं."

"मी दर सोमवारी घरी असतो. माज्या हातनं कवा टाकी नासली न्हाई," अप्पा म्हणाले. "ह्यानं सुट्टी घेतली न्हाई, म्हनून नासली."

"रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय. जरा जपून."

"तेवढंच राहिलंय म्हनून तर बोलतोय. आता बी भ्यायचं, तर मग थांबायचं कवा?"

अप्पांनी कागद घडी घालून पाकिटात टाकला. जिभेने कड ओली केली आणि पाकीट बंद केलं. एवढी साधी कृती इतक्या बेदरकारपणे केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

सुट्टी दिली नाही हे लेखी वर गेल्यामुळे मला काढणं अवघड झालं. राग निघाला तो अप्पांवर. आठ दिवसांत त्यांची बदली संघाच्या चारा छावणीवर झाली. शेवटच्या दिवशी मला रडू आलं, तर वैतागून म्हणाले, "रडतो कावून? जनावरं शिव्या देत न्हाईत. बरंच झालं माजं." तिथूनच ते निवृत्त झाले, आणि आता तर ते राहिलेही नाहीत.

त्यांची बदली झाली तेव्हा नोटीस भिंतीवर तशीच होती. पुढच्या सोमवारी मी कामावर गेलो नाही. नऊ वाजता संघाची जीप दारात आली. मी बाहेर आलो.

"चला, साहेबांनी बोलावलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"आज सुट्टी हाय."

"मग साहेबाला काय सांगू?"

"सांगा, झोपलाय."

दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे त्याने खालून वर पाहिलं आणि जीप वळवली. मी आत जाऊन कडी लावली आणि दिवेलागणीपर्यंत खरंच झोपलो.